बरोब्बर तीन हजार

गेल्या शनिवारी मी एका अकरा वर्षांच्या पोराची हिट खाल्ली. मुलाच्या बेसबॉल टीमच्या मॅचला पालकांपैकी कुणीतरी स्कोअर ठेवायचा असतो. "तुझे वडील क्रिकेटचे स्कोअरर होते ना?" एवढ्या एका वाक्यावर ते काम तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, ते अजून तिथेच आहे. हल्ली वही नसते, फोनवरचं अ‍ॅप असतं. तर चौथ्या इनिंगमध्ये आमच्याच टीममधल्या एका पोरानं चेंडू जमिनीवरून सणसणीत मारला, सेकंड बेसच्या दिशेनं. तिथला मुलगा वाकला, चेंडू त्याच्या ग्लव्हच्या कडेला थडकून मागे गवतात गेला. आमचा पठ्ठ्या पहिल्या बेसवर पोचून हेल्मेट सावरत उड्या मारत होता. त्याची आई माझ्याच शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेली. ती काही बोलली नाही, फक्त मान वळवून माझ्या फोनकडे बघितलं. मी 'ई-४' दाबलं. चौथ्या नंबरच्या फील्डरची चूक. एरर. हिट नाही; हिट म्हणजे फील्डरच्या चुकीशिवाय, स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं.

मॅच संपल्यावर तो पोरगा चिप्सचं पाकीट फोडत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, ती हिट होती ना? मी म्हटलं, छान मारलास. हे उत्तर नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं.

निर्णय चूक होता असं मला अजूनही वाटत नाही. सरळ अंगावर आलेला चेंडू, थोडा बरा फील्डर असता तर आरामात आऊट. टोचत होतं ते वेगळंच. बटण दाबताना माझा अंगठा जरासुद्धा थबकला नव्हता. आणि घरी येताना गाडीत, फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडल्यावर अचानक अख्खं पिट्सबर्ग समोर उभं राहतं ना, तेव्हा ते पिवळे पूल दिसले आणि मला आण्णांचा आवाज ऐकू आला. "असं कुठं असतंय होय? जमवलंय बघ कुणीतरी."

आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षं होते. सहा दिवस बँकेची टॅली आणि सातव्या दिवशी मैदानावरची. रविवारी सकाळी सायकलच्या हँडलला डबा आणि स्कोअरबुकची पिशवी, मागच्या कॅरिअरवर मी. आईला वाटायचं पोरगी तेवढीच बाहेर हिंडून येते. प्रत्यक्षात मी दिवसभर पत्र्याच्या शेडखाली त्यांच्या डाव्या हाताला बसून बोलिंगचं पान भरत असायची. ऊन तापलं की मॅटिंगच्या काथ्याचा एक उग्र वास यायचा, तो अजून आठवतो. भडंगाचे तेलकट हात पुस्तकाला लागले तर ओरडा बसायचा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर ही एक बेरीज, बोलरांच्या खात्यात बाय-लेगबाय मिळवून दुसरी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही, मग मैदान रिकामं का होईना. रबर त्यांच्याकडे नव्हतंच. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी बारीक सही. खाली काय चुकलं होतं तेही वाचता आलं पाहिजे. आणि सगळं जुळलं की एकुणाखाली फुटपट्टीनं दोन रेघा. त्या दोन रेघा पडल्या की पानाला ब्रह्मदेवानंसुद्धा हात लावायचा नाही.

राउंड फिगरवर त्यांचा राग होता. रागापेक्षा संशय म्हणू. दिवसअखेर कॅश बरोबर दहा हजार निघाली तर ते पुन्हा मोजायला बसत. "खरा हिशेब कधी असा गुळगुळीत नसतोय," असं त्यांचं म्हणणं.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे तीन महिने राहिले. आई जाऊन वर्ष झालं होतं. इकडे त्यांना करमेल की नाही याची मला धास्ती होती, पण ते बेसबॉलमध्ये अडकले. दुपारभर टीव्हीसमोर बसून त्यांनी खेळ समजून घेतला, आणि खेळाच्याही आधी त्याची स्कोअरिंग. मैदानावरच्या नऊ जणांना नंबर असतात, पिचर एक, कॅचर दोन, असं करत राइट फील्डर नऊ, आणि '६-४-३' एवढंच लिहिलं की चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला नि दोघं कसे बाद झाले हे सगळं त्यात येतं, हे कळल्यावर तर ते खूशच झाले. "आमच्याकडं एवढं लिहायला अर्धं पान लागलं असतं," म्हणाले. लेकाला पाच वर्षं पूर्ण झाली होती. शेजारच्या आजोबांनी त्याला एका बेसबॉल खेळाडूचं कार्ड दिलं होतं, जुन्या कार्डाची नवी प्रत. पुढे पिवळ्या-काळ्या कपड्यातला माणूस, मागे मुंगीएवढ्या अक्षरात त्याच्या अठरा वर्षांचा तक्ता. रोबेर्तो क्लेमेंते, इथल्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमचा. इथे राहणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पूल त्याच्या नावाचा, मैदानाबाहेर पुतळा त्याचा, आणि टीमच्या त्या मैदानात, पीएनसी पार्कात, उजव्या अंगाची भिंत एकवीस फूट, कारण त्याचा नंबर एकवीस. कार्ड देताना शेजारचे आजोबा म्हणाले होते की तीन हजारावी हिट पाहायला ते स्वतः स्टेडियममध्ये होते. या गावात पासष्टीच्या पुढचा जो कुणी भेटेल तो त्या दिवशी तिथे होता. प्रत्यक्षात त्या शनिवारी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये १३,११७ माणसं होती.

आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून कार्ड डोळ्यांजवळ धरलं, शेवटची ओळ वाचली, आणि ते वाक्य म्हणाले. बरोब्बर तीन हजार? शून्य, शून्य, शून्य? असं कुठं असतंय होय?

मला राग आला. त्या माणसाला इथे लोक किती मानतात, तो कसा गेला, हे मी आदल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं. "आण्णा, प्रत्येक ठिकाणी घोटाळा नसतो," मी जरा जोरात म्हणाले. लेक बघत होता. आण्णा एवढंच म्हणाले, "मी घोटाळा म्हटलो नाही. जमवलंय म्हटलो." आणि कागद मागितला.

मग त्या डायनिंग टेबलवर आम्ही रोबेर्तो क्लेमेंतेची टॅली केली. मी कार्डावरून वाचायचं, त्यांनी लिहायचं. १९५५, १२१. छप्पन, १६९. सत्तावन्न, ११४. इथे ते थांबले, "पडला की एकदम." पाठीनं त्याला त्या वर्षी छळलं होतं. १५०, १२८, १७९. साठ साल संपता ८६१. पुढे बघता बघता माणूस पिकत गेलेला दिसतो: २०१, १६८, १९२, २११, १९४, २०२, २०९. एकाखाली एक लिहिलेले हे सात आकडे बघितले की ज्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यालाही समजतं की ही माणसाची भरातली वर्षं. सदुसष्टअखेर २२३८. मग १४६, १७५, १४५, १७८. एकूण २८८२. राहिलं एकच वर्ष, १९७२. मी वाचलं, ११८. त्यांनी हातचा धरला, सोडला, आणि खाली ३००० लिहून पेन ठेवलं.

"जुळलं," मी म्हटलं.

"बेरीज जुळली," ते म्हणाले.

नंतरचे दोन-तीन दिवस ते त्या कार्डाला सोडायला तयार नव्हते. आधी सरासरीवर घसरले. ९४५४ वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि ३००० वेळा जमलं, म्हणजे .३१७. बाकीचे ६४५४ प्रसंग फुकट, त्यातले १२३० तर सरळ स्ट्राइकआऊट. "शंभरात बत्तीससुद्धा नाहीत. आमच्याकडं पस्तीसला पासिंग. हा तर नापास." मग स्वतःच कार्ड बघून दुरुस्ती केली: एकसष्टला .३५१, सदुसष्टला .३५७, सत्तरला .३५२, अठरापैकी तीन वर्षं पास, आणि एकोणसत्तरला .३४५, तो ग्रेस मार्कांवर वर गेला असता. चार वेळा लीगचा पहिला नंबर काढलेल्या माणसाबद्दल हे चाललं होतं. पण त्या थट्टेतून त्यांना एक गोष्ट उमगत होती, आणि मलाही. क्रिकेटची सरासरी बाद होण्यावर उभी असते. टिकून राहिलास तर सरासरी तुला सांभाळून घेते. इथे तसला आसरा नाही. उभा राहिलास की मोजलं. आवाक्याबाहेरचे चार चेंडू सोडून देऊन फुकटात पहिल्या बेसवर गेलास, म्हणजे 'वॉक' मिळाला, तर मात्र ते संधीत धरत नाहीत, आणि ही सवलत क्लेमेंतेनं जवळजवळ घेतलीच नाही. १९५६ च्या अख्ख्या मोसमात तेरा वॉक. तेरा! आवाक्यात असो नसो, आला चेंडू की हाणायचा. हल्लीचे आकडेतज्ज्ञ याबद्दल त्याचे गुण कापतात, आणि त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच असेल. मला मात्र त्या तेराच्या आकड्यात एक एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा दिसतो. पोर्तो रिकोहून आलेला, इंग्रजी तुटकं, आणि नुसतं उभं राहून काही मिळवणं ज्याला कमीपणाचं वाटतं असा.

त्याच छप्पन साली २५ जुलैला त्यानं जे केलं त्याचा तक्त्यात फक्त 'होमरन' या रकान्यातल्या सातांपैकी एक एवढाच मागमूस आहे. फोर्ब्स फील्ड या तेव्हाच्या मैदानावर शेवटची इनिंग, तिन्ही बेस भरलेले, पायरेट्स तीन धावांनी मागे. चेंडू मैदानाबाहेर गेला नाही, कुंपणाला लागून आतच राहिला. तिघं घरी, म्हणजे होमप्लेटवर, आले, बरोबरी झाली. हा तिसऱ्या बेसकडे येतोय आणि तिथे खुद्द मॅनेजर बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून थांब, थांब करतोय. एकही बाद नव्हता, थांबणं शहाणपणाचं होतं. हा थांबला नाही. धावत सुटला, घसरला, पोचला, ९-८. आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, मॅनेजरची बाजू घेतली. "सांगितलेलं ऐकायला नको?" मग थोड्या वेळानं, "पण बाद असता तर कुठं लिहिलं असतं, कुणाचं ऐकलं नाही म्हणून?"

तिथून गाडी आली १९७२ च्या सप्टेंबरवर. आणि इथे आण्णांचा संशय अगदीच हवेतला नव्हता हे मला कबूल करावं लागलं.

२९ सप्टेंबरला त्याच्या नावावर २९९९ होत्या. समोर न्यूयॉर्क मेट्सचा पिचर टॉम सीव्हर. पहिल्याच इनिंगमध्ये क्लेमेंतेनं मारलेला चेंडू सेकंड बेसमनला आवरला नाही. लोक उठून ओरडायला लागले. आणि वर प्रेस बॉक्समधल्या स्कोअररनं निर्णय दिला: एरर. ई-४. क्लेमेंते भडकला. स्कोअरर तेव्हा वर्तमानपत्रांतलेच लोक असत, आणि आपल्या हिट्स हे लोक वर्षानुवर्षं खात आलेत अशी त्याची जुनी तक्रार होती. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, चौथ्या इनिंगमध्ये त्यानं मेट्सच्याच जॉन मॅटलॅकला डावीकडच्या सेंटरच्या दिशेनं खणखणीत मारला आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. तिथे कुणालाच काही ठरवायचं नव्हतं. टोपी काढून हात वर केला. पुढच्या खेपेला त्याच्याऐवजी दुसराच बॅटिंगला आला.

हे ऐकल्यावर आण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे आदल्या दिवसाची दिली असती तर तीन हजार एक!" मी म्हटलं, किंवा आदल्याच दिवशी काम झालं म्हणून दुसऱ्या दिवशी तो खेळलाच नसता. त्यांनी विचार केला. मान्य केलं. मग म्हणाले, "स्कोअररचं बरोबर होतं. दिसलं तसं लिहायचं. पुढं कोण किती वर जाऊन थांबणाराय हे त्याला काय ठाऊक?" हे ते क्लेमेंतेच्या स्कोअररबद्दल बोलत होते की आणखी कुणाबद्दल, मला कळलं नाही. रविवारच्या त्या शेडपाशी एक मोठा मुलगा एकदा रडत आला होता, माझं अर्धशतक एका रनानं का घालवलंत म्हणून. तो लेगबाय होता. आण्णांनी पुस्तक उघडून त्याला दाखवलं होतं आणि बदललं नव्हतं. घरी येताना सायकल चालवताना ते एक अक्षर बोलले नव्हते.

खरं तर ३००० हा आकडा तसा बरोबरसुद्धा नाही. मोसम संपल्यानंतरच्या प्लेऑफच्या आणि वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, हिट्स त्यात धरत नाहीत, आणि तशा त्याच्या चौतीस आहेत. त्यातल्या बारा एकट्या १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, सदतिसाव्या वर्षी, .४१४ नं. तो दोन वर्ल्ड सिरीज खेळला, साठची आणि एकाहत्तरची. मिळून चौदा सामने, आणि चौदाही सामन्यांत निदान एक हिट. एकाहत्तरची जिंकल्यावर टीव्हीवाल्यांनी त्याच्यापुढे माइक धरला तेव्हा त्यानं इंग्रजी बोलण्याआधी परवानगी मागून स्पॅनिशमध्ये चार शब्द बोलून घेतले: मुलांना आशीर्वाद दिला आणि पोर्तो रिकोतल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. आपल्याकडे बक्षीस घेऊन आलेलं पोर आधी देवापुढे आणि मग मोठ्यांपुढे वाकतं, अगदी तसं. देशभर चालू असलेल्या प्रक्षेपणात, ज्यांना त्यातलं अक्षर कळणार नाही अशा लाखो लोकांसमोर. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यातले मुकादम. हे कळल्यावर मात्र आण्णांना तो एकदम घरातलाच वाटायला लागला. ऊस म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला आणखी काय सांगायचं?

बरं, नावाचंही तसंच. कितीतरी वर्षं कार्डांवर त्याला 'बॉब' छापत राहिले. रोबेर्तो त्यांच्या जिभेला जड होतं. गेल्यावर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, जी पाटी लावली तीवर 'रोबेर्तो वॉकर क्लेमेंते' असं लिहिलं. वॉकर हे आईचं माहेरचं नाव, त्यांच्या रीतीत ते शेवटी येतं. पाटी बदलून 'रोबेर्तो क्लेमेंते वॉकर' करायला २००० साल उजाडलं. माझ्या इथल्या प्रत्येक कागदावर आण्णांचं नाव मधल्या नावाच्या चौकटीत बसवलेलं आहे, आणि दवाखान्यातली नवी मुलगी कधी कधी मला त्याच नावानं हाक मारते. आधी मी दुरुस्त करायचे. आता 'ओ' देते.

तीन ऑक्टोबरला तो आणखी एक सामना खेळला, शेवटच्या इनिंगला फक्त फील्डिंगपुरता. पायरेट्सकडून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम व्हावा म्हणून, २४३३. बॅट हातात घेतलीच नाही. म्हणजे तीन हजाराच्या पुढे जायची एक संधी होती आणि ती कुणाच्या डोक्यातही नव्हती, कारण पुढचा मोसम होताच की! मग प्लेऑफमध्ये सिनसिनाटीशी पाच सामने, चार हिट्स, आणि शेवटी एका भरकटलेल्या चेंडूवर हार. २३ डिसेंबरला निकाराग्वातलं मनाग्वा भूकंपात पडलं. महिनाभरापूर्वीच तो तिथे पोर्तो रिकोची टीम घेऊन गेलेला. त्यानं मदत गोळा केली. आधी पाठवलेलं सामान तिथले लष्करवाले मधेच हडप करतात असं कानावर आलं, म्हणून एकतीस डिसेंबरच्या रात्री स्वतः निघाला. जुनं डीसी-७ विमान, पेलण्यापेक्षा जास्त भरलेलं. किनाऱ्यापासून फार लांबसुद्धा गेलं नाही. आत पाच माणसं होती. क्लेमेंते सापडला नाही. टीममधला त्याचा मित्र, कॅचर मॅनी सँगियेन, प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून शोधत होता.

खेळ थांबल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून तीनच महिन्यांत त्याच्यासाठी हॉल ऑफ फेमचं मतदान घेतलं. ४२४ पैकी ३९३. उरलेल्या एकतीस जणांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की नियम तो नियम. आण्णा त्या एकतिसांत असते, मला खात्री आहे.

त्या आठवड्यात मला काहीतरी भारी बोलायची हुक्की आली होती. मी म्हटलं, "आण्णा, म्हणजे तीन हजार नाबाद." ते चहा बशीत ओतत होते. "नाबाद कसलं," म्हणाले, "विमान पडलं." बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "नाबाद म्हणजे खेळ संपला आणि हा उभा आहे. इथं खेळ चालू आहे आणि हा नाही. असल्याला पुस्तकात कॉलमच नाही." मग बऱ्याच वेळानं त्यांनी निंबाळकरांचा विषय काढला. कोल्हापूरच्या कुठल्याही क्रिकेटवाल्याची गाडी शेवटी तिथे येतेच. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी, आणि समोरच्या राजेसाहेब कॅप्टननं सामनाच सोडून दिला. लहानपणापासून ही गोष्ट मी 'नऊ रन' या शब्दांत ऐकत आले होते. प्रत्येक जण ते नऊ रन स्वतःच्या खिशातून पडल्यासारखे सांगतो. त्या दिवशी आण्णा वेगळंच बोलले. "ते त्र्याण्णव वर्षांचे व्हायला एक दिवस कमी असताना गेले. म्हणजे माणूस पुढं चौसष्ट वर्षं जगला, आणि लोक भेटले की नऊ रनच विचारायचे."

परत जायच्या आदल्या आठवड्यात त्यांना फोर्ब्स फील्ड दाखवायला नेलं. मैदान आता नाही. युनिव्हर्सिटीच्या आवारात विटांच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, वर आयव्ही चढलेली, आणि पलीकडच्या इमारतीत फरशीत काचेखाली होमप्लेट जपून ठेवलंय. पोरं लॅपटॉपच्या बॅगा घेऊन तिच्यावरून सरळ चालत जातात. आण्णा कडेला थांबले. "चप्पल काढू का?" मी हसले, नको म्हटलं. त्यांनी तरी पाय दिला नाही. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, बराच वेळ त्या पंचकोनी पांढऱ्या तुकड्याकडे बघत राहिले. छप्पन सालचा तो पोरगा मॅनेजरला न जुमानता इथेच येऊन घसरला होता. लेकानं काचेवर गाल टेकवला, आणि काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली.

आण्णा २०२२ मध्ये गेले. झोपेत, शाहूपुरीतल्या घरी. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

शनिवारी रात्री मी अ‍ॅप उघडलं. त्यात कुठलाही निर्णय मागाहून बदलता येतो. ई-४ वर बोट ठेवायचं, यादीतून 'सिंगल' निवडायचं, झालं. त्या पोराची सरासरी आपोआप वर जाते, समोरच्या पोराची चूक नाहीशी होते, आणि आधी काय लिहिलं होतं त्याची खूणही राहत नाही. आडवी रेघ नाही, सही नाही. मी तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. रविवारी पुन्हा एकदा.

मग कार्ड शोधायला लेकाच्या बुटाच्या खोक्यात हात घातला. क्लेमेंतेचं कार्ड वरच होतं, कोपरे मऊ पडलेले, आणि त्याच्याखाली घडी घातलेला तो कागद. अठरा आकडे, आण्णांच्या त्या किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात. प्रत्येकापुढे बँकेतल्यासारखी बारीक टिकमार्क. १४६ च्या जागी आधी १४० पडलं होतं, ते आडव्या रेघेनं खोडून वर १४६, शेजारी सही. नातवाच्या बेसबॉल कार्डाच्या बेरजेवर सही! तळाशी ३०००. वर एक रेघ आहे, बेरजेची. खाली दोन रेघा नाहीत. एकही नाही.

लेकाला तो कागद दाखवला तेव्हा त्यानं मला विचारलं, आजोबांनी खाली रेघा का नाही मारल्या. फुटपट्टी जवळ नसेल. किंवा मी चहाला हाक मारली असेल, ते उठले असतील, आणि राहून गेलं असेल. चहा त्या दिवशी मीच केला होता, आलं जास्त झालं होतं, एवढं मला नक्की आठवतंय.